पुनर्मीलनाची ध्वनिमुद्रिका

चंदिगढ या केंद्रशासित प्रदेशाच्या नकाशावर सेक्टर ६७ शोधू जाल तर तो सापडावयाचा नाही. सेक्टरांचे आकडे चंदिगढच्याच क्रमाने पुढे चालत असले, तरी हा भाग पंजाब राज्यातील मोहालीत, म्हणजे साहिबजादा अजितसिंग नगरात मोडतो. कचेरी एका प्रदेशात, बिऱ्हाड दुसऱ्यात आणि शिधापत्रिकेवरचे नाव अद्याप तिसऱ्यात, अशी ज्यांची स्थिती आहे, त्या आम्हां बदलीवरच्या नोकरदारांस ही वस्ती शोभूनच दिसते.

ज्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो, तिच्या गच्चीवर शनिवारी सायंकाळी एक बैठक भरते. बैठकीचे सभासद चार. संगणक-दुरुस्तीचे दुकान चालविणारा एक पंजाबी तरुण, हवाई दलातून निवृत्त झालेले एक केरळीय गृहस्थ, शिलाँगहून बदलून आलेला एक बँक-कर्मचारी, आणि चौथे आम्ही. पहिले तीन महिने आम्ही सभासद नव्हतो. खिडकी उघडी ठेवून ऐकत असू. विषय नेहमी एकच: रॉक संगीत. कोणता वृंद श्रेष्ठ, कोणता फुटला, कोणता पुन्हा एकत्र आला, आणि एकत्र आल्यावर त्याने काढलेली नवी ध्वनिमुद्रिका ऐकण्याच्या लायकीची आहे किंवा नाही. एके शनिवारी मुंबईच्या एका वृंदाविषयी वाद चालू असता साल चुकीचे सांगितले गेले. आमच्यातील कारकुनास ते सहन झाले नाही. साल दुरुस्त करण्याकरिता आम्ही जिना चढून वर गेलो, आणि तेव्हापासून तेथेच बसतो.

वाङ्मयीन मासिकात या विषयास स्थान काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, प्रस्तुत लेख रॉक संगीताचा परिचय करून देण्यासाठी लिहिलेला नाही. परिचय हवा असल्यास तो एका वाक्यात देता येईल. आपल्या तीनतालात जसा समेचा मान, तसा या संगीतात चार मात्रांपैकी दुसरीवर आणि चौथीवर पडणाऱ्या आघाताचा मान. आपल्या चिजेचा मुखडा जसा फिरून फिरून येतो, तसा येथे गिटारीचा एक छोटा तुकडा फिरून फिरून येतो, आणि त्याच्या आधाराने सारे गाणे उभे राहते. आम्हांस परीक्षण करावयाचे आहे ते या रसिकांच्या संभाषणाचे. कारण हे संभाषण म्हणजे टीकाच आहे. ती छापली जात नाही, तिला मानधन नाही, तिच्या कर्त्यास कोणी प्राध्यापक म्हणत नाही. तथापि कलाकृतीची निवड, तुलना, निवाडा आणि त्या निवाड्याची कारणमीमांसा ही टीकेची चारही कर्तव्ये ती पार पाडते. अशा टीकेचे गुणदोष पाहिले तर आपल्याही रसिकतेवर थोडा प्रकाश पडेल, अशी आमची अपेक्षा होती. तो अपेक्षेहून जास्त पडला. ते शेवटी सांगू.

प्रथम उदाहरण घेऊ. ज्या वृंदाच्या सालावरून आम्ही जिना चढलो, तो १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेला ‘रॉक मशीन’. त्या काळी आपल्याकडील बहुतेक रॉक-वृंद परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करण्यात धन्यता मानीत. जितकी नक्कल बेमालूम, तितकी टाळी मोठी. या मंडळींनी मात्र स्वतः रचलेली गाणी सभेपुढे ठेवण्याचे धाडस केले, आणि १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही ध्वनिमुद्रिका काढली. १९९० मध्ये दुसरी निघाली, तिचे नाव ‘द सेकंड कमिंग’, म्हणजे पुनरागमन. पुढे १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे केले, आणि १९९५ मध्ये त्या नव्या नावाचीच ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. १९९७ मध्ये वृंद फुटला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कळफलकवाद्य वाजविणारे झुबिन बालापोरिया हे तिघे जुने सोबती पुन्हा जमले. बास गिटारवर रुशद मिस्त्री आणि तालवाद्यावर जय राव कवी असे दोघे नवे तरुण आले. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. १९९५ पासून मोजल्यास मध्ये सतरा वर्षे गेली.

आता गच्चीवरील वाद. केरळीय गृहस्थांचे म्हणणे असे की, ‘इव्हॉल्व्ह’ ही त्या वृंदाची कृतीच नव्हे. पाचांतील दोघे नवे असताना जुने नाव लावणे ही फसवणूक होय. येथे हे नमूद केले पाहिजे की, त्यांचे हृदय कोचीनच्या ‘थर्टीन एडी’ या वृंदाकडे आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या या वृंदाची ‘ग्राउंड झीरो’ ही ध्वनिमुद्रिका १९९० ची, आणि तिच्यापुढे मुंबईकरांचे काहीच त्यांस रुचत नाही. पंजाबी तरुणाचे मत उलट. तो म्हणतो, गायक तो, गिटार ती, मग वृंद तोच. शिलाँगचा गृहस्थ दोघांवरही हसतो. त्याच्या गावी १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी लू माजॉ हे गायक बॉब डिलन यांचा वाढदिवस गाऊन साजरा करीत आले आहेत. तो म्हणतो, आमच्याकडे जो मुळात कधी आला नाही त्याचेच आम्ही पुनरागमन साजरे करतो; तुमचे निदान आलेले तरी होते!

आम्ही आमचे मत कचेरीच्या भाषेत मांडले. फाइलीचा क्रमांक तोच राहतो, आतील कागद बदलत जातात, टिपणी लिहिणारे हात बदलतात, तरी फाइल तीच असे आपण मानतो. मात्र एका अटीवर. विषय तोच असला पाहिजे. तेव्हा पाचांपैकी किती जुने हा प्रश्न गौण असून, ज्या विषयासाठी ही फाइल उघडली होती तो विषय पुढे चालला आहे काय, हा प्रश्न मुख्य आहे. या उपमेस टाळी मिळाली नाही, पण वाद थोडा पुढे सरकला.

हे सारे ऐकताना आम्हांस राहून राहून वाटे की, हा वाद आपण पूर्वी कोठेतरी ऐकला आहे. आणि तो ऐकला होताच, आपल्याच घरी, आजोबांच्या पिढीच्या तोंडून त्यांच्या वडिलांच्या आठवणी म्हणून. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था एका रंगमंचावर आल्या. केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. त्या एका रात्रीविषयी शंभर वर्षे लोक बोलत आले आहेत. कोणाच्या पदास किती वेळा ‘वन्स मोअर’ मिळाला, कोण कोणाहून सरस ठरला, याची मोजदाद ज्या आवेशाने चाले, तोच आवेश, तीच बोटांवरची मोजणी आम्ही सेक्टर ६७ च्या गच्चीवर पाहतो. तो प्रयोग होऊन तीन महिने होत नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. रसिकांच्या स्मरणात तो प्रयोग अधिकच उजळ झाला, कारण आता त्याची तुलना दुसऱ्या कशाशी होणे शक्य नव्हते.

परंतु कथा तेथे संपत नाही, आणि आमच्या मते टीकाकाराचे खरे काम येथूनच सुरू होते. ललितकलादर्शाचे पुढे काय झाले? बापूराव पेंढारकरांनी संस्था सांभाळली आणि १९२२ मध्ये मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. हे नाटक सामाजिक, आणि भोवतीच्या चळवळीचे. संस्था तीच, तिचा मुख्य सूर गेलेला, आणि तरीही ती पुढे गेली, कारण तिने गेलेल्या सुराची नक्कल करण्याचा मार्ग धरला नाही. ‘केशवरावांबरोबर ललितकला संपली’ असे त्या वेळी ज्यांनी मनाशी ठरविले असेल, ते ‘सत्तेचे गुलाम’ पाहावयास गेले नसतील. गेले असते तर त्यांचे मत कदाचित बदलते, कदाचित बदलते ना. पण न जाता बनविलेल्या मतास टीका म्हणता येणार नाही.

गच्चीवरील टीकेत आम्हांस जे दोष दिसले, त्यांतील पहिला हाच. हे रसिक जुन्या ध्वनिमुद्रिका शंभर वेळा ऐकतात आणि नवी एकदा, तीही दुसरे काम करताना. नवे फसले असा निर्णय मग अपरिहार्यच ठरतो. दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. प्रत्येकास वृंदाचा सुवर्णकाळ विचारा. तो त्या रसिकाच्या वयाच्या सोळाव्या ते एकविसाव्या वर्षाशी बरोबर जुळतो. केरळीय गृहस्थांचा काळ १९९० च्या आसपासचा, आमचा २००५ ते २०१० चा. आम्हांस ‘लिंकिन पार्क’ हा अमेरिकी वृंद प्रिय. त्याचे गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ रोजी निवर्तले, तेव्हा आम्ही कचेरीतून येऊन दिवा न लावता बसलो होतो. २०२४ मध्ये तो वृंद एमिली आर्मस्ट्राँग या गायिकेस घेऊन पुन्हा उभा राहिला आणि नोव्हेंबरात ‘फ्रॉम झीरो’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. आम्ही ती चार महिने ऐकली नाही. कारण विचारता ‘ते आता ते राहिले नाहीत’ असे आम्ही गच्चीवर गंभीरपणे सांगितले. जे केरळीय गृहस्थ ‘इव्हॉल्व्ह’विषयी बोलत होते तेच शब्द आमच्या तोंडून बाहेर पडले होते, आणि आमच्या लक्षातही आले नाही. लक्षात आणून दिले ते पंजाबी तरुणाने, आणि फाइलीच्या उपमेची आठवण देऊन.

तिसरा दोष असा की, दुर्मिळतेस हे लोक गुण समजतात. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये ‘लेड झेपेलिन’ या वृंदाचा पुनर्मीलनाचा एकच प्रयोग झाला. पुढे नवी ध्वनिमुद्रिका नाही, दौरा नाही. म्हणून तो प्रयोग निर्दोष! ज्याने पुढे काही केले नाही त्याची चूक काढावी कशी? आपल्याकडेही एकच कादंबरी लिहून थांबलेल्या लेखकाविषयी असाच आदर दिसतो. लिहीत राहिलेल्या लेखकास मात्र प्रत्येक पुस्तकागणिक पहिल्या पुस्तकाची शिक्षा भोगावी लागते.

गुणही सांगितले पाहिजेत. या रसिकांची स्मरणशक्ती विलक्षण आहे, आणि ती निरपेक्ष आहे. कोणत्या प्रयोगात कोणत्या गाण्याचा वेग किंचित उतरविला होता, हे त्यांस वीस वर्षांनी सांगता येते. त्यांच्या मतामागे कसलाही लाभ नाही. ते एकमेकांचे मित्र असूनही एकमेकांच्या आवडीची भीड धरीत नाहीत. आमच्या वाङ्मयीन परीक्षणांत यांतील शेवटचा गुण किती आढळतो, हे वाचकांनीच पाहावे.

आता निवाड्याकडे येऊ. पुनर्मीलनाच्या ध्वनिमुद्रिकेची परीक्षा कोणत्या कसोटीने करावी? येथे आम्हांस बा. सी. मर्ढेकरांचे साहाय्य झाले. मर्ढेकर आमच्यासारखेच सरकारी नोकर. आकाशवाणीच्या सेवेत गावे बदलीत ते दिल्लीस आले आणि मार्च १९५६ मध्ये तेथेच वारले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात त्यांनी लयीची जी तत्त्वे मांडली, ती तीन: संवाद, विरोध आणि समतोल. कलाकृतीच्या घटकांतील परस्परसंबंधांना उद्देशून त्यांनी ती सांगितली. आम्ही ती थोडी ताणून एका वृंदाच्या सबंध कारकीर्दीस लावून पाहतो.

पुनर्मीलनाच्या प्रयोगात रसिकास हवा असतो तो संवाद. जुने गाणे, जुना स्वर, आणि आपण पूर्वी होतो ते आपण. आपल्या काव्यचर्चेत ज्यास पुनःप्रत्ययाचा आनंद म्हणतात त्याचेच हे रूप होय. यास कमी लेखू नये. बालगंधर्वांच्या उतारवयात, आवाज थकल्यावरही, लोक त्यांस ऐकावयास जात, ते कानांत साठवलेल्या आवाजाशी समोरच्या आवाजाचा मेळ घालण्यासाठीच. परंतु नव्या ध्वनिमुद्रिकेचा धर्म वेगळा आहे. तिने विरोध आणलाच पाहिजे. सतरा वर्षांत गाणाऱ्याचे वय वाढले, भोवतालचे शहर बदलले, वाजविणारे हात बदलले. यांपैकी कशाचीही खूण तिच्यात नसेल तर ती खोटी. आणि केवळ विरोधच असेल तर जुने नाव लावण्याचे कारण उरत नाही. दोहोंचा समतोल साधला काय, हाच एक प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या कसोटीवर ‘इव्हॉल्व्ह’ आम्ही तीन वेळा ऐकली. पहिल्या वेळी आम्ही ऐकली असे म्हणणे धाडसाचे होईल. आम्ही जुन्याशी ताडून पाहत होतो. दुसऱ्या वेळी नव्या तालवादकाचे काम जाणवले. पूर्वीची गाणी चटकन ओठांवर बसत, लोकांनी सोबत म्हणावी म्हणून रचलेली असत. येथे लय अधिक गुंतागुंतीची, सूर अधिक गडद, आणि श्रोत्याने शांत बसून ऐकावे अशी अपेक्षा आहे. तिसऱ्या वेळी बेनेगलांच्या आवाजातील संयम लक्षात आला. जो गायक तरुणपणी प्रत्येक ओळ सभेच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवी, तो आता काही ओळी जवळ बसलेल्यालाच सांगतो. आमचा निवाडा असा: समतोल साधला आहे, मात्र ओठांवर बसणाऱ्या चालीचे मोल देऊन तो साधला आहे, आणि हे मोल कमी नाही. केरळीय गृहस्थांस हा निवाडा मान्य नाही. पण त्यांनी ती दुसऱ्यांदा ऐकली, एवढे आमच्या टीकेचे फळ पदरात पडले.

येथे एका आक्षेपास उत्तर देणे आवश्यक आहे. ‘हे सारे परक्यांचे संगीत, आम्हां मराठी वाचकांस त्याचे काय?’ परके आणि आपले यांची सीमा आपण समजतो तितकी पक्की नाही. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगास माहीत झालेले फारुख बुलसारा १९५८ मध्ये आपल्या पाचगणीच्या शाळेत ‘द हेक्टिक्स’ या बालवृंदात पियानो वाजवीत होते. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईस येऊन तेथील वादकांसह ध्वनिमुद्रण केले होते. १९८६ पासून मुंबईच्या धोबी तलावाजवळील रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. आमचे मामा त्या गर्दीत उभे राहून आलेले, ते म्हणत, “अरे, तिथं आवाज कानानं नाही, छातीनं ऐकायचा.” आम्ही महाविद्यालयात जाईपर्यंत शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील कार्यक्रम थांबले होते, म्हणून ते सुख आम्हांस ऐकीव.

आणि सर्वांत मोठे उत्तर नंदू भेंडे. आत्माराम भेंडे हे नाव मराठी नाट्यरसिकास सांगावे लागत नाही. त्यांचे चिरंजीव नंदू हे मुंबईच्या रॉक संगीतातील आद्य गायकांपैकी एक. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी मुंबईत बसविलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडासची भूमिका गाजविली, आणि चार वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्टच्या नाटकावरून रचलेल्या आणि जब्बार पटेलांनी बसविलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त हाच आवाज मराठी रंगभूमीवर आला. त्या नाटकाचे सामर्थ्य ज्यांनी अनुभवले, त्यांनी रॉक संगीताचा एक घोट नकळत घेतलेलाच आहे. ११ एप्रिल २०१४ रोजी नंदू भेंडे निवर्तले. गच्चीवरील तिघांसही त्यांचे नाव ठाऊक होते. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत आम्ही ते काढले, तेव्हा ‘आत्मारामांचे कोण?’ असा प्रश्न आला.

वाद्याविषयी म्हणाल तर, ज्या नाट्यगीतांस आपण अस्सल मराठी म्हणून मिरवितो त्यांच्या साथीची पेटीही युरोपातूनच आली आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली ती तीन दशके टिकली. आज पेटीवाचून आपले चालत नाही. गिटारीस आपण तितकी वर्षे बाहेर उभे करावयाचे काय?

हा प्रश्न आम्ही लिहिला खरा, पण तो विचारण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हे आता सांगितले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी येथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचे कार्यक्रम ठरविण्यासाठी सात जणांची समिती बसली. आम्ही तीत होतो. एका केंद्रीय खात्यातील सहकाऱ्यांचा मुलगा, वय सोळा, जन्म पुण्याचा पण वाढ भोपाळ, जोधपूर आणि येथली. त्याने मराठीत एक गाणे रचले होते, आणि विजेची गिटार व तालवाद्य घेऊन दोन पंजाबी मित्रांसह ते म्हणण्यास दहा मिनिटे मागितली होती. गाणे त्याच्या आजीच्या गावच्या एस्. टी. थांब्याविषयी होते, एवढे त्याच्या वडिलांनी सांगितले. समितीत चर्चा झाली. आरतीनंतर हे बरे दिसेल काय, वृद्धांस आवाज सोसेल काय, नाट्यगीतांच्या कार्यक्रमाचा वेळ कमी होईल काय. मते घेतली. तीन बाजूने, चार विरुद्ध. चौथे मत आमचे.

त्या वेळी आम्ही दर शनिवारी गच्चीवर बसत होतो. ज्यांनी नक्कल सोडून स्वतःचे गाणे सभेपुढे ठेवले त्या १९८८ च्या मुंबईकर तरुणांचे कौतुक आम्ही तेथे भरघोस शब्दांत करीत होतो. आणि आमच्याच मांडवात, आमच्याच भाषेत, तेच धाडस करू पाहणाऱ्या मुलास आम्ही ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे सांगितले. नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला. गेल्या सहा वर्षांतील गीतेच त्याच क्रमाने गायिली गेली. श्रोत्यांत पंचविशीच्या आतील मराठी मुले आम्ही मोजली. ती पाच होती, आणि त्यांतील दोन गाणाऱ्यांचीच.

पुढच्या वर्षी पाहणे झाले नाही. एप्रिलमध्ये त्या मुलाच्या वडिलांची गुवाहाटीस बदली झाली. निरोपाच्या वेळी आम्ही त्यास गाण्याविषयी विचारले. तो म्हणाला, “काका, आता आम्ही इंग्रजीत करतो.” त्याच्या स्वरात राग नव्हता. एखाद्या कामाची मुदत संपल्याची नोंद करावी तसे त्याने सांगितले.

येथे गच्चीवरील टीकेचा चौथा आणि सर्वांत मोठा दोष आमच्या ध्यानी आला. जे वृंद झाले, फुटले आणि पुन्हा जमले, त्यांच्याविषयी आम्ही अखंड बोलतो. जे उभेच राहू शकले नाहीत, त्यांच्याविषयी टीकेजवळ शब्द नाही. त्यांचे पुनर्मीलन होत नाही, त्यांची जुनी ध्वनिमुद्रिका नसते, त्यांच्या सुवर्णकाळाचे साल सांगता येत नाही. त्या मुलाचा सराव चालू असता आम्ही एकदा त्यांच्या दारावरून गेलो होतो. गिटारीचा तो फिरून येणारा छोटा तुकडा तेवढा कानावर पडला. शब्द ऐकू आले नाहीत, कारण आम्ही थांबलो नाही. ‘इव्हॉल्व्ह’ आम्ही तीन वेळा ऐकली. हे गाणे एकदाही नाही, आणि त्यावर मत मात्र दिले.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपणां सर्वांस पुनःप्रत्ययाची भूक अधिक असते, हे आम्ही जाणतो. घरापासून हजार मैलांवर जुने पद ऐकताना जो गहिवर येतो, त्याची चेष्टा करण्याइतके आम्ही कोरडे झालेलो नाही. परंतु मर्ढेकरांच्या भाषेत हा नुसता संवाद झाला, आणि नुसत्या संवादावर मंडळ चालत नाही, भाषाही चालत नाही. आपल्या मुलांची मराठी आपल्यासारखी नसणार. तीत पंजाबी हेल असेल, हिंदी शब्द असतील, गिटार असेल. तो विरोध मांडवाबाहेर ठेवला तर समतोल कशाचा साधणार?

यंदाच्या समितीत आम्ही पुन्हा आहोत. कार्यपत्रिकेत शेवटचा अर्धा तास रिकामा ठेवावा, त्यासाठी कोणाकडूनही आधी गीतांची यादी मागू नये, असा ठराव आम्ही लेखी दिला आहे. अनुमोदन अद्याप एकाचेच मिळाले आहे. चार मते लागतात. गुवाहाटीसही एक पत्र पाठविले आहे, त्यात गाणे मागितलेले नाही, मागण्याचा हक्क आम्ही गमावला आहे, फक्त एस्. टी. थांबा कोणत्या गावचा, एवढे विचारले आहे.